ब्लॉक न घेता

सोमवारी सकाळी पावणेनऊला रिपोर्ट आला, तेव्हा राजेंद्र हिवराळेला वाटलं, बातमी चांगली आहे.

कागदावर कामाचा आकडा एकच होता. १.४. राजेंद्र शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर असतो, पण या आकड्याचा अर्थ त्याला आठ वर्षांपासून पाठ आहे. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. तो जितका वर जाईल, तितका रक्त गोठायला वेळ लागतो. त्याचे वडील कडुबा यांचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवावा लागतो, कारण त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरली तर झडप अडकू शकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून रोज संध्याकाळी साडेसातला रक्त पातळ करायची गोळी.

त्याच सोमवारी कडुबांच्या प्रोस्टेटचं लेसर ऑपरेशन होतं. पातळ रक्ताच्या माणसाला हात लावला की रक्त थांबत नाही, हे तीन महिने घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आता आकडा स्वतःहून खाली आला होता.

"म्हणजे बरंच झालं ना मॅडम? रक्त कमी जाईल," राजेंद्र म्हणाला.

ऑपरेशन करणाऱ्या डॉ. मनस्विनी सेलूकर यांनी कागद हातात घेतला. त्यांनी कागदावरचं नाव, वय आणि नमुना घेतल्याची वेळ वाचली. मग पुन्हा आकडा वाचला.

"हा आकडा उगाच खाली येत नाही. काका गोळी रोज घेतात ना?"

"घड्याळ चुकेल मॅडम, दादा चुकायचे नाहीत."

भूल देणारे डॉ. अभय तिथेच उभे होते. आकडा ऐकून त्यांचा चेहराही थोडा सैल झाला होता. त्यांच्या बाजूने पाहिलं तर आजचं काम सोपं झालं होतं. ऑपरेशन थिएटर तयार होतं, पेशंट उपाशी होता. डॉ. सेलूकर म्हणाल्या, "थांबा," आणि वॉर्डाकडे निघाल्या.

कडुबा हिवराळे यांचं वय एकोणसत्तर. राहणार करमाड, जालना रस्त्यावर, शेंद्र्याच्या पलीकडे. रेल्वेत अठ्ठावीस वर्षं कीमन होते. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. त्या गाड्यांच्या हादऱ्याने ढिल्या होतात. कीमनने रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, ढिली चावी दिसली की हातोड्याने ठोकायची. कडुबांचा टप्पा सहा किलोमीटरचा होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, कमरेला लाल आणि हिरवी झेंडी, खिशात डायरी. काय पाहिलं, काय ठोकलं, किती वाजता, हे डायरीत लिहून रोज सही करायची.

निवृत्त झाले, डायरीची सवय गेली नाही. वर्षभरात दम लागायला लागला. लहानपणीच्या तापाने खराब झालेली झडप बदलावी लागली. सिकंदराबादला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी शहागंजातून एक जाड डायरी आणली आणि पहिल्या पानापासून गोळीची नोंद सुरू केली. तारीख, वेळ, गोळीचा रंग, बरोबरची खूण. महिन्यातून एकदा आयएनआर. अशा आता चार डायऱ्या झाल्या आहेत.

नवी झडप वाजते. दोन कडक पाकळ्या मिटताना टिक असा आवाज येतो. ज्याच्या छातीत आहे त्याला त्याची सवय होते, शेजारी बसलेल्याला शांततेत ऐकू येतो. भामाबाई, कडुबांच्या पत्नी, त्याला घड्याळ म्हणतात. सुरुवातीला त्या वैतागायच्या. "आधी घोरणं होतं, आता घोरणं आन् घड्याळ," असं शेजारणीला सांगायच्या.

यंदा फेब्रुवारीत पैठणला नात्यातल्या लग्नात कडुबांची लघवी बंद झाली. दुपारपर्यंत कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी पोट दगडासारखं झालं, तेव्हा राजेंद्रने त्यांना शहरात आणलं. नळी घातली गेली, नळीला थैली आली. दोनदा नळी काढून पाहिली, दोन्ही वेळा लघवी पुन्हा अडली. प्रोस्टेटची गाठ मोठी होती, औषधाने भागणारी नव्हती.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी पाच दिवस बंद करा, मग कापून काढू. दुसऱ्यांनी फाईल पाहिली आणि म्हणाले, या झडपेसोबत मी हात लावणार नाही, नळीवर राहा. नळीने एकदा जंतूसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. शर्टाखाली थैली धरून कडुबा घराबाहेर पडेनासे झाले. रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालणारा माणूस दारातल्या खुर्चीवर बसू लागला.

डॉ. सेलूकर तिसऱ्या. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांचं मत लेखी मागवलं. कडुबांची झडप ज्या जागी आहे तिथे रक्ताचा जोर कमी असतो, गुठळी लवकर धरते. गोळी थांबवणं धोक्याचं, असं त्यात होतं. लेसर गाठ सोडवत जातं आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांची तोंडंही बंद करत जातं. म्हणून गोळी चालू ठेवून ऑपरेशन करता येईल, असं त्यांनी सांगितलं. रक्तस्राव होणारच नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. रक्त चढवावं लागू शकतं, नळी जास्त दिवस राहू शकते, घरी गेल्यावरही लाल लघवी होऊ शकते, हे सगळं सांगून शेवटी म्हणाल्या, "गोळी एक दिवससुद्धा बंद करायची नाही."

कडुबांनी मान हलवली होती. राजेंद्रला ती मान होकाराची वाटली.

वॉर्डात कडुबा खाटेवर पाय सोडून बसले होते. शेजारी भामाबाई.

"काका, गोळी घेतली का रोज?"

"डायरीत लिव्हलंय मॅडम." त्यांनी उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट केलं.

राजेंद्रने डायरी काढली आणि मागून पानं उलटत मोठ्याने वाचू लागला. "रविवार, साडेसात, ब्लॉक. शनिवार, साडेसात, ब्लॉक. शुक्रवार..." तो थांबला. बुधवारपासून पाच दिवस एकच शब्द होता. त्याआधी मंगळवारी नेहमीची खूण.

"ब्लॉक म्हणजे?" डॉ. सेलूकरांनी विचारलं. "हृदयात ब्लॉक आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला? ईसीजी काढला कुठे?"

"हृदयात न्हाय वं मॅडम. लाइनीचा ब्लॉक." कडुबा समजावून सांगू लागले. रुळावर मोठं काम असलं की त्या वेळेपुरत्या गाड्या बंद करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. "काम करायचंय ना तुम्हाला? मंग लाइन बंद पाहिजे. मी बंद करून आलो. आता बिनघोर करा."

"गोळी पाच दिवस घेतली नाही?"

"त्या पयल्या डाक्टरनं पाचच म्हणलं होतं."

राजेंद्रचा आवाज चढला. "दादा, मॅडमनी काय सांगितलं होतं? समोर बसून मान हलवली ना तुम्ही!"

"तू गप. तुला काय ठावं, चालू लाइनीवर काम केल्यावर काय होतं ते."

त्याला ठाऊक होतं. करमाडच्या घरात ती हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. कडुबा नवीन असताना त्यांच्या गँगमध्ये आप्पासाहेब नावाचा जोडीदार होता. एका पुलाजवळ रूळ बदलायचा होता. ब्लॉक मिळायला दहा मिनिटं होती. आप्पासाहेब म्हणाला, तोवर दोन बोल्ट सोडून ठेवतो. वळणावरून आलेलं इंजिन त्याला दिसलं नाही. डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या दिवसापासून कडुबांनी ब्लॉक मिळाल्याशिवाय रुळाच्या मोठ्या कामाला हात लावला नाही.

डॉ. सेलूकर रागावल्या नाहीत. निदान तसं दिसलं नाही. दम लागतो का, हातापायाला मुंग्या येतात का, बोलताना जीभ अडखळते का, असं त्या विचारत गेल्या. कडुबा नाही म्हणत गेले. तेवढ्यात भामाबाई बोलल्या.

"घड्याळ मऊ वाजतंय."

"काय मावशी?"

"कालधरनं. पयलं कसं, टिक टिक, चोख. आता रुमालात गुंडाळल्यावानी येतंय. मी म्हणलं, इथल्या पंख्याचा आवाज लई हाय, म्हणून असंल."

डॉ. सेलूकरांनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग फोन केला. ऑपरेशन रद्द झालं, आणि अर्ध्या तासात कडुबांना इकोसाठी खाली नेलं.

पडद्यावर झडपेची एक पाकळी पूर्ण उघडत मिटत होती, दुसरी अर्ध्यात अडत होती. तिच्या बुडाशी लहानशी गुठळी होती. हृदयाच्या डॉक्टरांनी राजेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं: गुठळी लहान आहे, रक्तप्रवाह अजून अडलेला नाही, म्हणून आधी शिरेतून हेपॅरिन, म्हणजे रक्त लगेच पातळ करणारं औषध, देऊन पाहू. गुठळी वाढली तर छाती पुन्हा उघडावी लागेल. सुटली तर कुठे जाईल ते सांगता येत नाही.

"किती दिवस लागतील?"

"रोज पाहू."

पुढचे सहा दिवस अतिदक्षता विभागात गेले. हेपॅरिन आणि गोळी दोन्ही सुरू झाली. त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी थैलीत दिसला. नळीने आधीच खरचटलेल्या गाठीतून रक्त येऊ लागलं आणि लघवी चहासारखी, मग लाल झाली. ज्या औषधाने झडप सुटायची, त्याच औषधाने खालून रक्त जात होतं. नर्स दर दोन तासांनी थैलीचा रंग लिहायच्या आणि कडुबांना हसायला, हात वर करायला, नाव सांगायला लावायच्या.

"रोज नाव कशाला विचारता? बदललंय का?" कडुबा तिसऱ्या दिवशी म्हणाले.

भामाबाईंना दिवसातून दोनदा दहा मिनिटं आत सोडत. त्या नवऱ्याशी फार बोलत नव्हत्या. वाकून छातीजवळ कान न्यायच्या आणि बाहेर येऊन राजेंद्रला फक्त "मऊच" असं सांगायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मधी मधी चोख येतंय." सहाव्या दिवशीच्या इकोमध्ये दुसरी पाकळी पूर्ण मिटताना दिसली. गुठळी दिसत नव्हती. आयएनआर २.६ होता.

हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं महिनाभर थांबावं असं होतं. पण नळीतून रक्त थांबत नव्हतं. आठ दिवसांत हिमोग्लोबिन दीडने उतरलं होतं. नळी आहे तोवर जंतूसंसर्गाची टांगती तलवार होती, आणि तो झडपेपर्यंत पोहोचला तर आणखी कठीण. दोघा डॉक्टरांचं बोलणं झालं. आणखी तीन दिवस पाहून, आयएनआर अडीचच्या जवळ ठेवून, गोळी न थांबवता लेसर करायचं ठरलं. संमतीचा कागद घेऊन डॉ. सेलूकर आणि डॉ. अभय खाटेजवळ आले.

कडुबांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"चालू लाइनीवर काम नाय करायचं. राहू द्या नळी. मी राहतो तसाच."

राजेंद्रने समजावून पाहिलं. डॉ. सेलूकरांनी पुन्हा सगळं सांगितलं, धोक्यासकट. कडुबा ऐकत राहिले आणि मान आडवी हलवत राहिले. यावेळी ती मान कोणालाही होकाराची वाटली नाही. पाच दिवस ब्लॉक घेतला तर झडप अडली, ब्लॉक न घेता केलं तर रक्त जाणार. त्यांच्या हिशोबाने दोन्ही रस्ते बंद होते.

भामाबाई खिडकीपाशी डबा उघडत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"अठ्ठावीस वरीस चाव्या ठोकल्या तुम्ही. तवा कोणती गाडी थांबवली व्हती?"

"ते येगळं."

"काय येगळं? गाडी आली की बाजूला व्हायचं, गेली की ठोकायचं. जेवताना तेच सांगायचे ना? आज बारा ठोकल्या, आज वीस ठोकल्या. मग ते काय ब्लॉकात ठोकल्या?"

"अगं, चावी ठोकणं येगळं, रूळ काढणं येगळं. तुला रेल्वेतलं काय कळतं?"

"मला रेल्वेतलं नाय कळत. घड्याळातलं कळतं."

कडुबांनी डॉ. सेलूकरांकडे पाहिलं. "मॅडम, खरं सांगा. तुमचं काम चावीचं का रुळाचं?"

डॉ. सेलूकरांनी विचार करून उत्तर दिलं. "मधलं. चावीपेक्षा मोठं आहे. पण लेसरने थोडं थोडं करता येतं, रक्त आलं की तिथंच थांबून बंद करायचं, मग पुढे. जमत नाही असं वाटलं तर मी अर्ध्यावर सोडून बाहेर येईन. अर्धं काढूनही तुमची लघवी मोकळी होऊ शकते."

"आन् लुकआउट कोण?"

"म्हणजे?"

"झेंडी घेऊन उभा राहतो तो. काम करणाऱ्याची नजर खाली असती. गाडी त्याला दिसत नाय."

डॉ. अभय पुढे झाले. गोळी चालू असल्यामुळे पाठीत सुई देता येणार नव्हती, पूर्ण भूल द्यावी लागणार होती. "मी," ते म्हणाले. "तुमच्या डोक्याशी. नाडी, रक्तदाब, रक्त किती गेलं, सगळं माझ्याकडे. मी थांब म्हटलं की मॅडमनी थांबायचं."

"चहाला नाय जायचं मधे."

"नाही जाणार."

कडुबांनी कागद परत मागितला आणि सही केली. सहीखाली सवयीने वेळ घातली: ११.२०.

ऑपरेशन गुरुवारी झालं. सकाळचा आयएनआर २.५. दीड तास ठरला होता, दोन तास दहा मिनिटं लागली. एकदा डॉ. अभय यांनी थांब म्हटलं, रक्तदाब उतरला होता. अकरा मिनिटांनी काम पुन्हा सुरू झालं. गाठ पूर्ण निघाली. रक्त चढवावं लागलं नाही. बाहेर आणलं तेव्हा मूत्राशय धुणारं पाणी गुलाबी होतं.

शुक्रवारी दुपारी ते लाल झालं. संध्याकाळी साडेसहाला नळीतून येणारं पाणी थांबलं आणि कडुबांचं पोट पुन्हा वर आलं. आत रक्ताच्या गुठळ्या अडकल्या होत्या. डॉ. सेलूकर मोठी सिरिंज घेऊन आल्या. पाणी आत ढकलायचं, ओढायचं, काळ्या गुठळ्या भांड्यात टाकायच्या. चाळीस मिनिटं. कडुबा खाटेची कड धरून होते, ओरडले नाहीत. शेवटी पाणी वाहू लागलं. रंग लालच, पण पलीकडचं दिसेल इतका.

तेवढ्यात साडेसात झाले.

नर्सने गोळी आणली. राजेंद्र मधे उभा राहिला. "मॅडम, आजच्या दिवस राहू द्या. इतकं रक्त गेलंय."

डॉ. सेलूकर दारात थांबल्या. संध्याकाळचे आकडे त्यांच्या हातात होते: आयएनआर २.७, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ. त्यांनी नळीकडे पाहिलं, पुन्हा आकडे पाहिले. गोळीचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो. आजची थांबवून आजचं रक्त थांबणार नव्हतं. रविवारी झडप मात्र गुठळीला उघडी पडली असती. हे त्यांनी राजेंद्रला सांगितलं. सांगताना त्यांचाही आवाज नेहमीइतका पक्का नव्हता.

कडुबांनी हात पुढे केला. "आण इकडं. चालू लाइन म्हणलं ना, मग चालू." गोळी घेतली, पाणी प्यायले, डायरी मागितली. खूण केली.

शनिवारी पाणी गुलाबी होतं, रविवारी जवळजवळ स्वच्छ. मंगळवारी नळी काढली. त्यानंतरचे तीन तास राजेंद्र संडासाच्या दारासमोरून हलला नाही. आधी दोनदा इथेच अडलं होतं. पाऊण वाजता आतून आवाज आला, "झाली." थोड्या वेळाने पुन्हा, चिडून, "झाली म्हणलं ना, आता तरी जा तिथून."

घरी सोडताना डॉ. सेलूकरांनी दोन गोष्टी लिहून दिल्या: पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लाल लघवी झाली तर घाबरायचं नाही, पण गुठळ्या आल्या तर लगेच यायचं, आणि गोळीविषयी कोणीही काही सांगितलं तरी आधी त्यांना फोन करायचा. बाराव्या दिवशी एकदा लाल झाली. कडुबांनी फोन केला, दिवसभर पाणी प्यायले, संध्याकाळी साफ झाली. भामाबाईंनी त्या दिवशी घड्याळ तीनदा ऐकलं.

पहिल्या तपासणीला बापलेक आले, तेव्हा डायरी बरोबर होती. डॉ. सेलूकर पानं चाळत त्या पाच दिवसांपाशी आल्या. राजेंद्र म्हणाला, "ती पानं मी फाडतो म्हटलं होतं. उगाच पुढच्या कोणत्या डॉक्टरने वाचली तर..."

"डायरीचं पान फाडत नसतेत," कडुबा म्हणाले. "खाडाखोड पण नाय."

पानं फाडलेली नव्हती. पण पाचही दिवसांच्या 'ब्लॉक' या शब्दापुढे लाल शाईने नवी नोंद होती. अक्षर तेच, तारीख घरी आल्यानंतरची.

"हे काय लिहिलंय काका?"

"चूक लिव्हली. ब्लॉक आपल्या मनानं घेता येत नाय मॅडम. ठेसन मास्तरला मागावा लागतो. तो देतो, नायतर नाय देत. मी मागितलाच नव्हता."

पाचही ठिकाणी दोनच शब्द होते: बिगर परवानगी. खाली सही, आणि वेळ.